अश्वशक्तीचा हिशेब



अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्या पैलवान मोटारींविषयी मला आज बोलायचे आहे. विषय परदेशचा खरा. पण शक्तीचा मोह आणि त्या मोहाची किंमत या गोष्टी काही परदेशच्या नाहीत. या गाड्या लोकांना इतक्या का आवडल्या, आणि त्यांची शक्ती हवी तितकी वाढविता का येत नाही, या दोन प्रश्नांचा आपण विचार करू.

या गाड्यांचा प्रारंभ 1964 सालच्या पाँटिअॅक जी. टी. ओ.पासून धरण्याची रीत आहे. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्स कंपनीचा नियम होता. पाँटिअॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी तो मोडला नाही; त्याला वळसा घातला. टेंपेस्ट ही साधी गाडी तशीच ठेवून, जादा पैसे भरून घ्यावयाच्या साहित्याच्या यादीत त्यांनी 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन घातले. पहिल्याच वर्षी 32,000हून अधिक गाड्या खपल्या! मग काय, सगळ्याच कंपन्या आखाड्यात उतरल्या. 1966 साली क्रायस्लरचे 425 अश्वशक्तीचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावर आले, आणि 1970 साली शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीत 450 अश्वशक्तीचे इंजिन बसले.

यात आकर्षण कसले? एक तर ती श्रीमंतांची मिरास नव्हती. नुकत्याच कमावू लागलेल्या तरुणाला हप्त्यांवर ती घेता येई. दुसरे म्हणजे, मोठ्या इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतही भरपूर असतो. पाय टेकवला की पाठ आसनाला चिकटते. तिसरा तो घुमणारा आवाज. आणि चौथे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: सामान्य माणसाला घरच्या पान्यांनी हे इंजिन उघडता येई, सुटे भाग आणून त्याची ताकद वाढविता येई. यंत्र आपल्या हाताला वश होते, याचा आनंद लहान नव्हे.

पण वश म्हणजे किती? इंजिन हे मुळात हवा ओढणारे यंत्र आहे. शेव्हेलचे इंजिन 454 घनइंचांचे, म्हणजे 7.4 लिटरचे. दर दोन फेऱ्यांत ते फार तर तितकी हवा घेणार. मिनिटाला 5,000 फेऱ्या धरल्या, तर ही हवा होते 18,500 लिटर, वजनाने सुमारे 22 किलो. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे पूर्ण जोरात हा पैलवान मिनिटाला दीड किलो, अर्थात दोन लिटर पेट्रोल पितो! हवेविना नुसते पेट्रोल वाढवून काही साधत नाही.

मग हवा वाढवावी म्हणून झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसवितात. वरच्या फेऱ्यांत ताकद मिळते; पण गाडी उभी असताना इंजिन अडखळू लागते. ज्या ‘गडगड’ आवाजावर शौकीन लुब्ध होतात, ते त्या अडखळण्याचेच संगीत आहे. अवाढव्य कार्ब्युरेटर लावला, तर कमी वेगात हवा त्यातून मंदावते आणि पेट्रोल नीट मिसळत नाही. फेऱ्याच वाढवाव्यात, तर दट्ट्याला सेकंदाला शंभर वेळा मागे खेचणारा दांडा ओरडतो. फेऱ्या 5,000च्या 6,000 केल्या की त्याच्यावरचा ताण एकपंचमांशाने नव्हे, 44 टक्क्यांनी वाढतो. समजा, इंजिनाने सारे सोसले. तरी पुढचा भार जड आणि शक्ती मागच्या चाकांना. त्या काळचे अरुंद टायर धूर काढीत जागच्या जागी फिरत. एक मर्यादा ओलांडली की पुढची दारात उभी!

जाहिरातीतले आकडेही तपासून घ्यावे लागतात. इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर यांचे ओझे न लादता ते मोजलेले असत. 1971 साली क्रायस्लरने दोन्ही आकडे दिले, तेव्हा तेच 425चे हेमी गाडीतल्या मोजणीने 350 भरले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ताकदीसाठी मिश्रण जोराने दाबावे लागते, आणि फार दाबले की ते अवेळी भडकून इंजिनात ठोके बसतात. त्यावर 1921 साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी तोड काढली: पेट्रोलात शिशाचे संयुग. शिसे विषारी, हे जुने ज्ञान होते. 1924 साली ते संयुग बनविणारे कामगार दगावलेही. तरी अर्धशतक ते धुराड्यातून हवेत जात राहिले. जो मुलगा त्या गाडीत कधी बसलाही नाही, त्याच्या रक्तात ते उतरले आणि त्याच्या बुद्धीला बाधले. रस्त्यावरच्या अपघातांत 1966 साली अमेरिकेत 50,000हून अधिक माणसे मेली, ती सगळी या गाड्यांनी नव्हे. पण वेग दुप्पट केला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते, हे गणित विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

पुढे 1970चा स्वच्छ हवेचा कायदा, महागलेले विमे आणि 1973ची तेलटंचाई यांनी हे पर्व संपविले. शिसे मात्र अमेरिकेच्या रस्त्यांवरून 1996 साली, आपल्याकडून 2000 साली, आणि जगातून 2021 साली गेले.

ताकद संपली असे नाही. 2023 साली डॉजने 1,025 अश्वशक्तीची गाडी काढली. हवा दाबून भरणारा पंप, क्षणाक्षणाला पेट्रोल मोजणारा संगणक, रुंद टायर आणि ठोके न देणारे इथेनॉलमिश्रित इंधन यांनी ते साधले. म्हणजे मर्यादा नाहीशी झाली नाही. प्रत्येक कडी एकेक करून मजबूत केली, तेव्हा ती सरकली.

आपल्या गल्लीतला मुलगा मोटारसायकलचा सायलेन्सर काढतो, तेव्हा त्याला नुसते रागावू नका. यंत्राची ओढ चांगली आहे. ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. त्याला एवढेच विचारा: बाबा रे, ही जादा शक्ती कोठून आली, आणि तिचे पैसे कोण भरतो आहे? पहिल्या प्रश्नाने तो चांगला कारागीर होईल, आणि दुसऱ्याने चांगला नागरिक.