माशाच्या अंड्यातील रक्त



रक्त आपल्या नित्य परिचयाचे. पण ते जन्मते कसे, हे पाहण्याचा योग सहसा येत नाही. मनुष्याचे पहिले रक्त आईच्या उदरात तयार होते, पुढे ते काम हाडांतील मगज पत्करतो. दोन्ही जागा दृष्टीआड! ही अडचण गंगेच्या खोऱ्यातील इंच-दीड इंचाच्या एका पट्टेरी माशाने दूर केली आहे. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याचे वर्णन केले; आज त्याला झेब्रा मासा म्हणतात. त्याची कथा आम्हांस आज सांगावयाची आहे.

या माशाची अंडी आईच्या पोटात नव्हे, पाण्यात वाढतात, आणि ती काचेसारखी स्वच्छ असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तो एका दिवसात हृदय चालू झालेले असते आणि रक्तपेशी शेपटीकडे धावताना दिसतात. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, आपल्या पेशींत नसते. परंतु रक्त घडविण्याची रीत पुष्कळशी एकच आहे. महारोहिणीच्या तळच्या भिंतीतील पेशी वाकतात, सुट्या होतात आणि पुढे जन्मभर रक्त पुरविणाऱ्या मूळपेशी बनतात, हे २०१० साली जिवंत पिलांत प्रत्यक्ष पाहिले गेले. या पेशी प्रथम शेपटीत आणि मग मूत्रपिंडात वस्ती करतात. माशाचा रक्ताचा कारखाना तेथे असतो.

याचा आपल्याला उपयोग काय, असे कोणी विचारील. पिलाला काही दिवस पाण्यातूनच प्राणवायू मिळतो. म्हणून रक्त बिघडले तरी ते लगेच मरत नाही, आणि बिघाड तपासता येतो. फिकट रक्ताचे असे अनेक वाण १९९६ साली जाहीर झाले. संशोधकांनी कित्येकांना मद्यांची नावे दिली! त्यांतील ‘व्हाइसहेर्ब्स्ट’ या वाणात बलकातील लोह रक्तापर्यंत पोचतच नव्हते. रक्तात लोह टोचताच तांबडेपणा परतला. बोस्टनच्या डॉ. लिओनार्ड झोन यांच्या प्रयोगशाळेने २००० साली त्यामागील जनुक ओळखले. पुढच्याच वर्षी, शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक रोग असलेल्या इटली व हॉलंडमधील कुटुंबांत त्याच जनुकाचा दोष सापडला.

माशाच्या पिलाचे रक्त फिकट का, या साध्या प्रश्नाने माणसाच्या रोगाचे कारण समजण्यास असे साह्य केले. तेव्हा अशा अभ्यासाला कोणी रिकामपणाचा उद्योग म्हणू नये, एवढीच आमची विनंती आहे.