कुलूप, चिठ्ठी आणि बंद यंत्र

श्रोत्यांनीं असें समजावें कीं, एका कारखान्यांतील यंत्र बिघडलें आहे. वायरमन मुख्य स्विच बंद करतो आणि पाना-पकड घेऊन यंत्राच्या पोटांत शिरतो. स्विच राहतो भिंतीपलीकडे. इतक्यांत पाळी बदलते. नव्या पाळीच्या माणसास यंत्र कां बंद आहे हें ठाऊक नसतें. तो सद्भावनेनेंच स्विच चालू करतो. अशा मृत्यूंत वैर कोणाचेंच नसतें, म्हणून नुसत्या सावधगिरीच्या उपदेशानें ते टळत नाहींत.

अमेरिकेंत कामगारांच्या सुरक्षिततेसाठीं ‘ओशा’ नांवाचें सरकारी खातें आहे. त्यानें १९९० सालीं विजेच्या कामाचे जे नियम केले, त्यांत या प्रसंगाचा विचार बारकाईनें केलेला आढळतो. ज्या ज्या स्विचानें प्रवाह तोडला, त्या प्रत्येकावर कुलूप आणि चिठ्ठी हीं दोन्ही लाविलीं पाहिजेत. हा स्विच चालवूं नये व ही चिठ्ठी काढूं नये, असा निषेध चिठ्ठीवर असावा. नुसतें चालू-बंद करण्याचें बटण दाबून भागत नाहीं. त्यानें यंत्र थांबलें तरी वीज आंत येतच असते.

चिठ्ठी वाचणाऱ्यासच अडविते. कुलूप न वाचणाऱ्यासहि अडवितें. म्हणून कुलूप बसण्याची सोय नसेल तेथें एकट्या चिठ्ठीची मुभा देतांना नियम आणखी एक उपाय मागतो : फ्यूज काढून ठेवावा, किंवा वाटेंतील दुसरा स्विचहि तोडावा.

इतकें करूनहि यंत्र निर्जीव झालें असें मानावयाचें नाहीं. कपॅसिटरमध्यें वीज सांठून राहते. ती काढून टाकावी लागते. शेजारच्या चालू तारेमुळें, किंवा एखाद्या जनरेटरच्या उलट पुरवठ्यामुळें, तोडलेल्या तारेंतहि दाब उत्पन्न होऊं शकतो. यास्तव आधीं परीक्षा, मग हात. दाब ६०० व्होल्टांहून अधिक असेल तर परीक्षेचें उपकरणच परीक्षेच्या लगेच आधीं व लगेच नंतर तपासावें, अशी आज्ञा आहे. बिघडलेलें उपकरण आणि निर्जीव तार, दोन्ही सारखींच गप्प असतात!

कुलूप ज्यानें लाविलें त्यानेंच काढावें. तो घरीं गेला असेल तर? तो कारखान्यांत नाहीं याची मालकानें खात्री करून घ्यावी, आणि तो पुन्हां कामास लागण्यापूर्वीं कुलूप काढल्याचें त्यास कळवावें. माल खोळंबला म्हणून हातोडा घेऊन धांवणाऱ्या मुकादमास हा विलंब जाचक वाटेल खरा. पण कुलूप यंत्राच्या पोटांत शिरलेल्या माणसाचें आहे, मुकादमाचें नव्हे. शेवटीं वीज जोडण्यापूर्वीं हत्यारें व तात्पुरत्या तारा काढल्या आहेत कीं नाहीं हें जाणत्या माणसानें पाहावें, आणि भोंवतालच्यांस दूर होण्याची सूचना द्यावी.