भिंतीवरून पडद्यावर : वारली कलेचा वारसा

(दांडी, जि. पालघर येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दांडीचा एक शेजार तारापूरच्या अणुवीज केंद्राचा व उद्योगनगरीचा, तर दुसरा डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांचा. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी मासेमारीचे जाळे कित्येकदा रंगविले. किनाऱ्यावरील माणसाला त्यातील धागा आपोआप ओळखता येईल.

परंपरेने हे चित्र लग्नघरी सुवासिनी काढीत. धवलेरी गाणी म्हणते, चौक भरला जातो आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते. सामग्री परिसरातीलच : शेणामातीने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी. काम झाले की चित्र झिजते व पुढील कार्यासाठी भिंत पुन्हा सारवली जाते. निसर्गाकडून घेतलेले निसर्गाला परत देणारी ही कला आहे. टिकाऊ विकासाचा पाठ याहून वेगळा नाही.

1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे अभिकल्पक पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने या पाड्यांत आले. त्यांनी कागद व रंग आणले आणि चित्र भिंतीवरून उतरले. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी 1989 मध्येच त्यांची चित्रे पॅरिसला पोहोचली होती. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

माध्यम बदलले म्हणून कला मेली नाही. मात्र एक प्रश्न उभा राहिला. कागदावर चित्रकाराचे नाव येते. संगणकाच्या पडद्यावरील प्रत मात्र क्षणात हजारो ठिकाणी पोहोचते, आणि तिच्यावर कोणाचेच नाव नसते. भिंतीवरचे चित्र झिजते, पण ते कोणी काढले हे पाड्याला ठाऊक असते. पडद्यावरचे झिजत नाही, पण त्याचा धनी विसरला जातो. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, हा मोठा आधार होय. परंतु कायदा गावाच्या जागरूकतेची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून नव्या माध्यमांत काम करणाऱ्या अभिकल्पकाने आधी पाड्यावर जाऊन बसावे, धवलेरीचे गाणे तिच्या संमतीनेच ध्वनिमुद्रित करावे, आणि मोबदल्याचे बोलणे आरंभीच करावे. देवीचा चौक ही केवळ नक्षी नव्हे. तो कोठे वापरू नये, हे समाजालाच विचारावे.

पंचायत व शाळा यांनाही हे करता येईल. शाळेची भिंत रंगवावयाची असेल, तर स्थानिक वारली चित्रकाराला बोलवावे, त्याला योग्य मानधन द्यावे आणि चित्राखाली त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. शिक्षकांनी मुलांना नुसती त्रिकोणी माणसे काढावयास न लावता, ती कशाभोवती नाचतात हेही विचारावयास शिकवावे.

वारसा भिंतीवर असो वा पडद्यावर, तो ज्यांचा आहे त्यांचे नाव आणि मान राखला, तरच तो पुढील पिढीच्या हाती सुखरूप जाईल.