शिकायला एवढ्या लांब कशाला?



सकाळपासून तिघांनी मला एकच विचारलं, "पोराला परदेशात पाठवावं का?" २०१५ साली मी जर्मनीला निघालो तेव्हा आमचे चुलते म्हणाले होते, "उशाला तेरणेचं धरण, आन् हे निघालं लांब!"

तिथं होस्टेलात माझ्या खोलीत एक चिनी मुलगा होता, हनान प्रांतातला. त्याचा बापही गहू पिकवणारा. मी त्याला विचारलं, "तुमच्याकडं एवढी मोठी विद्यापीठं असताना तू इथं कसा?" तो म्हणाला, सगळं जूनमधल्या एका 'गाओकाओ' परीक्षेवर. जागा प्रांतवार वाटलेल्या. बीजिंगच्या मुलाला बीजिंगचं नामांकित विद्यापीठ मिळणं त्यातल्या त्यात सोपं, हनानच्या मुलाला महाकठीण. २०२४ साली ही परीक्षा द्यायला १ कोटी ३४ लाख मुलं होती. आपल्याकडं त्याच वर्षी नीटला २४ लाख, आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणून आपली पोरं डॉक्टर व्हायला रशियाला, जॉर्जियाला, अगदी चीनलाही जातात. चिनी पोरगं जर्मनीत आणि आपलं चीनमध्ये! हसू नका, कारण एकच आहे.

आता पैशाचं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच खात्यात अडकवून दाखवावा लागतो; आता तो ११,९०४ युरो आहे. बँकेनं शेतजमीन तारण घेतली नाही. दादांनी दोन एकर विकलं. काल येताना तिथं दुसऱ्याचं सोयाबीन उभं होतं. दादा शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत. मला ते रान अजून परत घेता आलेलं नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझ्या बुटांकडं बघून कुणी हिशेब करायचा.

परदेशातून शिकून परतलेल्याला चिनी लोक 'हायग्वे' म्हणतात. त्याचा उच्चार समुद्री कासवासारखाच होतो म्हणे. माझा मित्र परतला. मी अजून तिकडंच.

तेव्हा पोराला विचारा, तिथं नेमकं काय शिकायचंय. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. तिचा अर्ज आधी भरा. जर्मन भाषा इथूनच शिकायला लागा. सातबारा सगळ्यात शेवटी काढा. मी रविवारपर्यंत गावात आहे, गुणपत्रिका घेऊन घरी या.