येडशीच्या रानांतला पाहुणा

आमच्या येरमाळ्याजवळचें येडशी रामलिंग अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरांचें. डिसेंबर 2024 मध्यें तेथें वाघ दिसला. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, अंगठ्याच्या ठशासारखे. ते छायाचित्रांशीं ताडून तो यवतमाळच्या टिपेश्वरचा, शेंकडों किलोमीटर चालून आलेला, असें ठरलें. त्यानें गुरें मारलीं. पकडण्याचे प्रयत्न झाले, तो सांपडेना!

अशा प्रसंगासाठींच वन्यजीव-व्यवस्थापन ही विद्या आहे. तिच्या जाणकारांनीं 1937 च्या सुमारास अमेरिकेंत आपली व्यावसायिक संस्था उभारली. आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था 1982 सालची. पट्टे ओळखणें, माझ्या मतें, त्यांतलें सोपें काम. गाय गमावलेल्या कुणब्याच्या दारीं पंचनामा दुसऱ्या दिवशीं पोंचतो कीं महिन्यानें, यावर पुष्कळदां वाघाचें आयुष्य अवलंबून असतें.