मुलांचा संताप आणि आपण

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण आमच्या घरी जे घडलं ते आणखी चार घरांना उपयोगी पडावं, म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या बहिणीचे यजमान अपघातात गेले, ते त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत. तो रडला नाही. पुढे मात्र कोणी जरा बोललं की ताट भिरकावी, भिंतीवर डोकं आपटून घेई. आम्ही म्हणायचो, "आता तूच घरातला कर्ता. हे शोभतं का?" एकदा मी हातही उगारला. त्याची आज लाज वाटते.

शेवटी त्याला मानसोपचारासाठी नेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "हा उर्मटपणा नव्हे. मोठा धक्का बसला की मनातली धोक्याची घंटा उगीचच वाजत राहते." त्यांनी डी.बी.टी. नावाची उपचारपद्धती वापरली. अमेरिकेतील मार्शा लिनेहान या विदुषींनी ती बसवली. कोवळ्या वयात त्या स्वतः मनाच्या आजाराने इस्पितळात होत्या, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं.

या पद्धतीचं सूत्र असं: "तुझं दुःख खरं आहे, आणि तुला वागणं बदलायचंही आहे." आपण त्यातलं दुसरं तेवढं सांगतो, पहिलं गिळून टाकतो.

मुलाला युक्त्या शिकवल्या. संतापाची लाट आली की गार पाण्यात तोंड धरून क्षणभर श्वास रोखायचा, म्हणजे छातीची धडधड उतरते. (हृदयाचं दुखणं असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारावं.) मग आत काय आहे त्याला नाव द्यायचं: राग, भीती, की शरम? लाट ओसरेपर्यंत काही करायचं नाही. आईलाही शेजारी बसून हेच शिकावं लागलं. अपघाताची आठवण उकरण्याची घाई कोणी केली नाही. मन थोडं सावरल्यावरच तो विषय निघाला.

काही महिने गेले. एकदा तो मोरीतून तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "मावशी, मला राग नव्हता आला. बाबांची आठवण आली होती." त्या दिवशी तो प्रथमच रडला, आणि आम्हीही.

भगिनींनो, असं मूल घरात असेल तर उपदेशाआधी त्याचं ऐकून घ्या. ते जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टर गाठा. कुठे जावं हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो रात्रंदिवस चालू असतो आणि पैसे पडत नाहीत.

एवढं बोलून मी आपली रजा घेते.