जूनची पहिली बैठक



मुख्याध्यापकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. संच मान्यता, वेतनेतर अनुदान, रिक्त पदं, शिपायांची पदं यांवर काल दिवसभर चर्चा झाली, ठराव झाले. ते योग्यच झाले आणि त्या मागण्यांच्या मागे मी आपल्याबरोबर उभा आहे. आजचा माझा वेळ मात्र मी एकाच गोष्टीला देणार आहे. ती पूर्णपणे आपल्या हातातली आहे, तिच्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही आणि एक रुपया खर्च येत नाही. शाळा उघडण्याआधीचे दोन-तीन दिवस आपण आपल्या सहकाऱ्यांबरोबर कसे घालवतो, ही ती गोष्ट.

जूनची पहिली बैठक आपल्यापैकी प्रत्येकानं घेतली आहे. शिक्षक कक्षात सगळे जमतात. सुट्टी कशी गेली, मुलीचं लग्न कसं पार पडलं, याची विचारपूस होते. चहा येतो. मग मुख्याध्यापक फाइल उघडतात आणि परिपत्रकं वाचायला लागतात. पोषण आहार कोणाकडे, परिवहन समिती कोणाकडे, सखी सावित्री समितीत कोण, वृक्षारोपण कोण बघणार, यू-डायसची माहिती कोण भरणार, कोणाकोणाचं आधार जुळत नाही, प्रवेशोत्सवाला सरपंचांना कोण सांगणार. सूचना वही फिरते, सह्या होतात, बैठक संपते. आणि त्या दीड-दोन तासांत शाळेतल्या एकाही मुलाचं नाव कोणी घेतलेलं नसतं.

ही सगळी कामं करावीच लागतात, हे मला मान्य आहे. त्यांची वाटणी एका कागदावर लिहून फलकावर लावता येते. त्यासाठी पंधरा-वीस शिकलेल्या माणसांना एका खोलीत बसवून ठेवण्याचं कारण नाही. सगळे शिक्षक एकत्र, मुलं अजून आलेली नाहीत आणि घंटा वाजायची नाही, असा वेळ वर्षात पुन्हा मिळत नाही. तो वेळ वर्गाच्या तयारीचा आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस सांगतो, ते आपल्याला पाठ असतं. त्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितले आहेत आणि त्यात पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. तयारी हा कामाचाच भाग आहे, असं कायदा म्हणतो. आपल्या वेळापत्रकात मात्र तिला एक रकानाही नाही.

आता तयारी म्हणजे काय, ते सांगतो. माझा सगळ्यात मोठा आग्रह ज्या गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे वर्ग सोपवण्याची बैठक. गेल्या वर्षीचा वर्गशिक्षक आणि यंदाचा वर्गशिक्षक समोरासमोर बसतात. मध्ये गेल्या वर्षीचा हजेरीपट. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत जायचं आणि प्रत्येक नावावर क्षणभर थांबायचं. मी अशा बैठकांमध्ये गप्प बसून ऐकलेलं आहे. बाई सांगत असतात: "हा फळ्यावरचं उतरवून घेत नाही. आळशी म्हणून मागे बसवू नका, त्याला दिसत नाही. चष्म्याचं वडिलांना दोनदा सांगून झालंय, तुम्ही परत सांगा." पुढचं नाव. "हिचं वाचन उत्तम, पण मोठ्यानं वाचायला उभं केलं की रडते. बाकावर बसून वाचू द्या, दिवाळीपर्यंत उभी राहील." त्याच्या पुढचं. "हिची आई फेब्रुवारीत गेली. सर, कृपा करून पहिल्या महिन्यात 'माझी आई' हा निबंध देऊ नका." नवे वर्गशिक्षक मान खाली घालून लिहून घेतात. पन्नास नावांना दोन तास लागतात. ते दोन तास दिले नसते, तर यातली प्रत्येक गोष्ट नव्या शिक्षकाला स्वतःच शोधावी लागली असती. काही ऑगस्टमध्ये कळल्या असत्या, काही कधीच कळल्या नसत्या. दरम्यान तो मुलगा मागच्या बाकावर आळशी ठरला असता आणि त्या मुलीनं निबंधाचं पान कोरं ठेवून छड्या नाहीत, तरी बोलणी खाल्ली असती.

स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेला त्याची पातळी कळावी, म्हणून ते त्याच्याबरोबर जातं. कल्पना उत्तम आहे. मग त्याच इमारतीत चौथीच्या खोलीतून पाचवीच्या खोलीत जाणाऱ्या मुलाबरोबर काय जातं? गुणपत्रक. त्यावर श्रेणी असते, चष्मा नसतो.

माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना यात आणखी एक काम आहे. आपल्याकडे पाचवीला किंवा आठवीला आजूबाजूच्या चार-सहा गावांमधून मुलं येतात. ती दाखला घेऊन येतात आणि जनरल रजिस्टरला नाव चढलं की आपण प्रवेश झाला म्हणतो. त्या मुलांना चार किंवा सात वर्षं शिकवलेला शिक्षक जवळच्याच गावात असतो. त्याला शाळेत बोलवा, नाहीतर आपल्या वर्गशिक्षकाला त्याच्याकडे पाठवा. जिल्हा परिषदेच्या शाळेची मुलं कच्ची येतात, ही तक्रार मी हायस्कुलांच्या शिक्षक कक्षात फार ऐकली आहे. त्या शाळेच्या गुरुजींशी अर्धा तास बोलून आलेल्या शिक्षकाच्या तोंडून ती सहसा ऐकायला मिळत नाही.

बीड, अहिल्यानगर, जालना भागातून आलेल्या आपल्या सहकाऱ्यांना मी आता जे सांगतो ते अधिक जवळचं वाटेल. उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास गावी परततात. त्या घरातलं मूल जूनमध्ये आपल्या वर्गात असतं. शाळेचं वर्ष एप्रिलपर्यंत चालतं, पण त्या मुलाचं वर्ष जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला संपतं. आपला जून प्रवेशोत्सवात आणि अर्ज भरण्यात गेला, जुलै तात्पुरत्या वेळापत्रकात गेला, तर इतर मुलांचं थोडं नुकसान होतं, ते पुढे भरून निघतं. त्या मुलाचं जवळजवळ निम्मं वर्ष जातं आणि ते भरून काढायला त्याच्याकडे पुढचे महिनेच नसतात. म्हणून पहिल्याच बैठकीत अशा मुलांची नावं वेगळी काढली पाहिजेत. यंदा कोणाचे आईबाप जाणार आहेत, घरी आजी आहे का, मूल मागे राहू शकेल का, हंगामी वसतिगृहाची सोय लागेल का, हे पालकांशी जूनमध्ये बोललं तर त्यांना विचार करायला वेळ मिळतो. कोयता उचलून निघालेल्या माणसाला गाडीपाशी गाठून त्याचं मन वळत नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचंही तसंच आहे.

वर्गवाटपाबद्दल मी थोडं स्पष्ट बोलणार आहे. बहुतेक शाळांमध्ये पहिलीचा वर्ग सगळ्यात नव्या शिक्षकाला मिळतो, किंवा ज्याला नाही म्हणता आलं नाही त्याला. हायस्कुलात सगळ्यात अनुभवी माणसं दहावीला आणि जो उरला तो पाचवीला. निकाल दहावीचा लागतो, वर्तमानपत्रात छापून येतो, त्यामुळे हे कसं घडतं ते समजतं. तरीही ते चूक आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं सगळं लक्ष तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत यावर आहे. पहिलीत वाचायला न लागलेलं मूल प्रत्येक पुढच्या वर्गात मागेच पडत जातं आणि दहावीच्या जादा तासांना त्याला कोणीही हात देऊ शकत नाही. शाळेतला सगळ्यात हुशार, सगळ्यात धीराचा शिक्षक पहिलीला द्या. त्याला ते सन्मानाचं वाटेल अशा रीतीनं द्या, सगळ्यांसमोर, कारण सांगून. आणि हे एप्रिलमध्येच सांगा, म्हणजे त्याला मे महिना विचार करायला मिळेल.

वेळापत्रकाबद्दल एवढंच, की पहिल्या दिवशी पक्कं वेळापत्रक फलकावर असलं पाहिजे. 'तात्पुरतं' म्हणून लावलेलं वेळापत्रक गणपतीपर्यंत तसंच राहतं, हे आपण सगळे जाणतो.

नव्या शिक्षकाकडे येतो. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातून येते. खोली मिळालेली नसते. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधन, प्राथमिकला महिना 16,000 रुपये. त्यातून खोलीभाडं, घरी पाठवायचे पैसे. रुजू अहवालावर सही झाली की आपण त्याच्या हातात खडू आणि हजेरी देतो आणि वर्ग कुठे आहे ते शिपाई दाखवतो. डी.एड., बी.एड.ला त्यानं पाठ घेतले ते निरीक्षकांसमोर, तयारी करून, शांत वर्गात. इथे त्याच्यासमोर साठ मुलं आहेत, पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि त्याचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. या माणसाला पहिल्या दिवशी कोणी तरी आपलं लागतं. एखादे ज्येष्ठ सर किंवा बाई नावानिशी ठरवून द्या. पहिले दोन आठवडे त्यानं रोज एक तास त्यांच्या वर्गात मागे बसावं आणि त्यांनी एक तास त्याच्या वर्गात. शेरेबुक न घेता. टाचण कसं काढायचं, कोणत्या पालकाशी कसं बोलायचं, दंगा करणाऱ्या वर्गात आवाज चढवण्याऐवजी काय करायचं, हे त्याला तिथेच कळेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. ते तास आपण सभागृहात बसून, पडद्यावरच्या पाट्या वाचून पूर्ण करतो. मला शंका नाही, की सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला एक तास त्यांतल्या कितीतरी तासांपेक्षा जास्त शिकवतो. प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

इथे दोन शिक्षकी शाळांमधून आलेले पुष्कळ जण आहेत. ते मनात म्हणत असतील, की आमच्याकडे कसली बैठक? पाचवीपर्यंतच्या शाळेत 150 च्या वर पट असेल तरच कायद्यानं स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. बाकी ठिकाणी ज्येष्ठ शिक्षकच वर्ग सांभाळून कार्यालय सांभाळतो. एक जण प्रशिक्षणाला गेला की अर्धी शाळा बंद. त्यांच्यासाठी उत्तर आजूबाजूच्या शाळांच्या केंद्रात आहे. जवळजवळच्या शाळांनी एकमेकींना आधार द्यावा, ही शाळा समूहाची कल्पना 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगानं मांडली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. लहान गावातली शाळा आतून कशी असते, हे त्यांना दिल्लीत बसूनही ठाऊक होतं. तीच कल्पना 2020 च्या धोरणात पुन्हा आली आहे. आपली दरमहाची शिक्षण परिषद आहेच. जूनची परिषद शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात घ्या. पहिलीला शिकवणारे केंद्रातले सगळे एका गटात, चौथीचे एका गटात. पहिल्या महिन्यात काय शिकवायचं, ते तिथे बसून ठरवा आणि अध्यापन साहित्य तिथेच हातानं तयार करून घरी न्या. एकट्यानं शाळा चालवणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही, हे जूनमध्येच कळलं पाहिजे.

समोर बसलेल्या अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती या कामांची सक्ती शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानंच राहू दिली आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण 'तात्काळ' असा शेरा मारून संध्याकाळपर्यंत मागवली जाणारी माहिती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मागवू नका. ती बहुतेक वेळा आपल्याकडे आधीच कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरलेली असते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे त्यांच्या तारखा धरून हे करा. मुख्याध्यापकाला शाळा उघडण्याच्या आसपासचे चार-सहा दिवस शाळेतच राहू द्या.

आणि मुख्याध्यापक मित्रांनो, आपणही पहिल्या आठवड्यात रोज एक तास वर्गावर जा. इयत्ता कोणतीही असो. आपण स्वतः तयारी करून वर्गात उभे राहिलेले सहकाऱ्यांना दिसलं, की तयारीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

संमेलन आज संपेल. उद्या आपण घरी पोचाल. शाळा उघडायला अजून अवधी आहे. घरी गेल्यावर दोन कामं करा. पहिल्या बैठकीची तारीख लगेच ठरवून प्रत्येक सहकाऱ्याला फोनवर कळवा आणि गेल्या वर्षीच्या वर्गाचा हजेरीपट काढून ठेवायला सांगा. परिपत्रकांची फाइल त्या दिवशी कपाटात राहू द्या. बैठक मुलांच्या नावांपासून सुरू करा.